'द आर्चर्स' ऐकायला सुरुवात कुठून करू?

अनघा_रेडिच

नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहणाऱ्यांपैकी कुणी बीबीसी रेडिओ ४ वरची 'द आर्चर्स' ही मालिका नियमित ऐकतं का?

मी रेडिचजवळ एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. माझ्या दोन सहकारी सकाळी आल्या आल्या आदल्या संध्याकाळच्या भागावर बोलायला लागतात. नंबर यायची वाट बघणारे म्हातारे पेशंटसुद्धा त्यात सामील होतात. ॲम्ब्रिज हे त्या मालिकेतलं गाव, पण ही मंडळी त्याबद्दल अशी बोलतात की बसनं दोन थांबे पुढे असावं. मलाही त्या गप्पांत बसायचंय, म्हणून गेला आठवडाभर ऐकतेय.

अडचण अशी की तेरा मिनिटांत सहा-सात आवाज येऊन जातात आणि कोण कुणाची सून, कोण कुणाचा पुतण्या, काही लागत नाही. परवाच्या भागात तर दोघी जणी चटणीच्या बाटल्यांबद्दल बोलत राहिल्या, मागे गाय हंबरली आणि भाग संपला. मी मूळची निफाडची, घरी द्राक्षबाग आहे, त्यामुळे शेतीच्या गप्पांचं वावडं नाही. पण यात धरायचं काय? सत्तर वर्षांचं मागचं सगळं माहीत असायला हवं का?

कौस्तुभ_लीड्स

मी सांगतो, हेलन आणि रॉबपासून सुरू करा. रॉब टिचनर २०१३ मध्ये गावात येतो, गोडबोल्या, सगळ्यांना हवाहवासा. हेलन आर्चरशी लग्न करतो आणि हळूहळू तिचं सगळं आयुष्य मुठीत घेतो. ३ एप्रिल २०१६ च्या भागात ती त्याच्यावर सुरी चालवते. सप्टेंबरात खटला उभा राहतो, ज्युरीच्या निकालासाठी एक तासाचा खास भाग झाला होता. त्या काळात एका श्रोत्यानं पीडित बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरता निधी सुरू केला, तो दीड लाख पौंडांच्या वर गेला. नवरा-बायकोच्या नात्यात असा धाक आणि ताबा ठेवणं हा इंग्लंडात डिसेंबर २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे कथा अगदी वेळेवर आली होती. त्यावर भरपूर लिहिलेलं सापडेल. ते वाचा, मग आजचे भाग ऐका. गाईगुरं आणि केक मागाहून कळतात.

कृष्णाकाठची

अनघा, कौस्तुभदादांनी सांगितलेली कथा खरंच मोठी आहे. पण सुरुवात तिथून करू नकोस. कारण सांगते, जरा लांबेल.

हेलनचं प्रकरण लोकांच्या जिव्हारी लागलं ते सुरीमुळे नव्हे. त्याआधी अडीच वर्षं लोक रोज संध्याकाळी त्या घरातली बारीकसारीक बोलणी ऐकत होते. तिनं आणलेला नवा ड्रेस त्याला आवडत नाही. तिनं गाडी चालवू नये, असं तो काळजीच्या सुरात सांगतो. मैत्रीण आली की काहीतरी कारण निघतं. एकेक भाग सुटा ऐकला असता तर 'आज काहीच घडलं नाही' असंच वाटलं असतं. माझ्या ओळखीच्या एका बाईला स्वतःच्या लेकीच्या घरात काय चाललंय ते ही बोलणी ऐकताना उमगलं. सारांश वाचून असं उमगत नाही. म्हणून म्हणते, चटणीच्या बाटल्यांचा भाग वाया गेला असं समजू नकोस. मालिका तिथंच आहे.

मी वाळवा तालुक्यातली. माहेरी ऊस आणि दावणीला होल्स्टिन गाई. पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालायचं आणि फॅट किती लागली त्यावर घरातल्यांचा दिवस ठरायचा. आता वूस्टरशायरमध्येच एका वृद्धाश्रमात काम करते. संध्याकाळच्या पाळीला सात वाजले की बैठकीच्या खोलीत रेडिओ लागतो. 'बार्विक ग्रीन'ची ती उड्या मारणारी धून सुरू झाली की ज्यांना जेवलो की नाही हेही आठवत नाही असे आजी-आजोबा बोटांनी खुर्चीच्या दांडीवर ताल धरतात. मी मालिकेला लागले ती तिथं, त्यांच्या शेजारी बसून.

आमच्याकडे एक आजी होत्या, जन्म शेतावर गेलेल्या. मालिकेतल्या एखाद्या गाईच्या कासेला दगडी झाली की त्या आधीच सांगायच्या, आता ते दूध वेगळं काढावं लागणार, औषधाचे दिवस संपेपर्यंत टाकीत ओतता येणार नाही. आणि पुढच्या संवादात रूथ आर्चर तेच म्हणायची. आमच्याकडेही हेच करतात, असं मी त्यांना म्हटलं. त्यानंतर आमची खरी ओळख झाली.

शेतीचं हे असं नेमकं येतं, कारण मालिका जन्मली तीच त्यासाठी. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला बीबीसीची माणसं आणि शेतकरी यांची बैठक झाली. लिंकनशायरचे हेन्री बर्ट नावाचे शेतकरी उठून म्हणाले की आम्हाला डिक बार्टन पाहिजे, पण शेतातला. डिक बार्टन हा तेव्हाच्या रेडिओवरचा अतिशय गाजलेला गुप्तहेर. गॉडफ्रे बेझली यांनी ते मनावर घेतलं. १९५० मध्ये मिडलंड्सपुरते काही भाग करून पाहिले आणि १ जानेवारी १९५१ पासून मालिका देशभर सुरू झाली. युद्ध संपलं होतं पण रेशन चालू होतं, धान्य आणि दूध वाढवायचं होतं. बियाणं, खत, जनावरांचे रोग ही माहिती भाषणातून देण्याऐवजी बांधावरच्या बोलण्यातून द्यायची, असा बेत. सरकारी शिक्षणाचं ते काम १९७२ मध्ये सुटलं, तरी शेतीची बाजू सांभाळणारा वेगळा सल्लागार आजही असतो.

आता धरायचं काय? एक घर धर. सगळं गाव एकदम लागत नाही, लागायची गरजही नाही.

मी ग्रंडी धरले. आर्चर म्हणजे मातब्बर, वाड्यातले म्हण. ब्रूकफिल्ड या शेतावर डेव्हिड आणि रूथ, त्यांची मुलं पिप, जॉश, बेन, आणि जिल आजी. ब्रिज फार्मवर टोनी आणि पॅट, मुलगी हेलन, मुलगा टॉम, ते १९८४ पासून सेंद्रिय शेतीत आहेत. होम फार्म ब्रायन ऑल्ड्रिजचं, सगळ्यांत मोठं आणि पैशाचं. ग्रंडी मात्र खंडानं करणारे. एडी ग्रंडी काय वाट्टेल ते विकतो, नाताळसाठी टर्की पाळतो, नसत्या उद्योगात सापडतो. बायको क्लॅरी राबते. म्हातारे जो ग्रंडी छातीच्या दुखण्याची तक्रार करत सायडर प्यायचे. गावातले त्यांना हसतात. पण २००० मध्ये खंड थकला आणि त्यांना ग्रेंज फार्म सोडून शहरातल्या कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये जावं लागलं. ते भाग मी ऐकलेले नाहीत, आजींनी सांगितले. फ्लॅटमध्ये जोला काही सुधरेना. त्यांनी जिवापाड जपलेली फेरेट, सशाच्या शिकारीसाठी पाळतात ती, स्वतःच्या हातानं मारून टाकली. आजी हे सांगताना थांबल्या. माझ्या एका चुलत्यांनी बँकेच्या कर्जापायी बैलजोडी बाजारात नेली होती आणि परत आल्यावर मोकळा गोठा झाडत बसले होते. ते मी तेव्हा आजींना सांगितलं. ग्रंडींवर हसणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

आणि ती मालिका रोजच्या रोज ऐक. साठवून ठेवून एकदम ऐकू नकोस. ॲम्ब्रिजमध्ये आज तीच तारीख असते जी आपल्याकडे असते. वसंतात मेंढ्या वितात, उन्हाळ्यात सुकं गवत बांधायची घाई, सप्टेंबरच्या सुमाराला फुलाफळांचं प्रदर्शन (तुझ्या चटणीच्या बाटल्या बहुतेक त्याच्याच), नाताळला लिंडा स्नेल गावकऱ्यांना धरून नाटक बसवते. माणसंही आपल्याच वेगानं वाढतात. पिप १९९३ मध्ये जन्मली, आज ती स्वतः एका मुलीची आई आहे आणि आईबापाशी गाईंच्या जातीवरून वाद घालते. जिल आजींचा नवरा फिल आर्चर, त्याचं काम नॉर्मन पेंटिंग यांनी १९५० पासून २००९ मध्ये ते जाईपर्यंत केलं. टोनीची आई पेगी, तिचं काम करणाऱ्या जून स्पेन्सर २०२२ मध्ये थांबल्या तेव्हा १०३ वर्षांच्या होत्या. आमच्या खोलीतल्या काहींनी हे आवाज आयुष्यभर ऐकलेत.

२००१ च्या लाळ्या खुरकूतमध्ये इथं साठ लाखांच्या वर जनावरं मारली. तेव्हा मालिकेत ऐनवेळी नवे प्रसंग घातले. ब्रूकफिल्डच्या लोकांनी फाटक बंद केलं आणि घरातले घरातच राहिले, बाहेरचं कुणी आत नाही. आजींचा स्वतःचा कळप त्या साथीत गेला होता. तेव्हा गावात कुणाशी बोलणं होत नव्हतं, पण सात वाजता ब्रूकफिल्ड होतं, असं त्या म्हणायच्या.

अनघा_रेडिच

ताई, हे वाचून बसलेच. चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही गारपिटीच्या वर्षी काय काय झालं ते आठवलं.

दोन प्रश्न. एक, काही नावं सारखी कानावर येतात पण तो माणूस कधी बोलतच नाही. माझं ऐकायचं राहतंय की तसंच असतं? दुसरं, या गावात आपल्याकडचं कुणी आहे की नाही?

कृष्णाकाठची

तसंच असतं. ही त्यांची जुनी रीत आहे. फ्रीडा फ्राय नावाच्या बाई कित्येक वर्षं बुल या पबच्या स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी भाजलेल्या पाईची तारीफ सगळे करायचे, पण त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. २०१५ च्या पुरानंतर त्या वारल्या आणि लोक हळहळले. प्रू फॉरेस्ट अशाच मुक्या. १९८९ मध्ये दहा हजाराव्या भागाला त्या बोलल्या, आणि आवाज होता नामवंत अभिनेत्री जूडी डेंच यांचा.

आपल्याकडचं म्हणशील तर उषा गुप्ता. वकील, १९९१ पासून गावात. १९९५ च्या सुमाराला तिच्यावर वंशद्वेषी टोळक्यानं हल्ले केले, ते कथानक बरंच चाललं. पुढे २००८ मध्ये तिनं गावच्या व्हिकरशी, ॲलन फ्रँक्सशी लग्न केलं. ख्रिस्ती धर्मगुरू आणि हिंदू बायको. गावात कुजबुज झाली, शूलासारख्या चर्चमधल्या जबाबदार बाईनंही विरोध केला आणि तिकडे उषाच्या घरचेही नाखूष. माझ्या मामेबहिणीनं इथल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा दोन्हीकडून जे बोललं गेलं ते जवळजवळ याच शब्दांत होतं. मला मात्र उषाबद्दल एक सल आहे. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला तिच्या घरचं, सणावाराचं, स्वयंपाकाचं रोजचं बोलणं फार थोडं आलंय. जिलच्या लेमन केकला जेवढा वेळ मिळतो त्याच्या पाव हिश्श्यानं उषाच्या फोडणीला मिळायला हवा होता. अलीकडे ग्रे गेबल्स हॉटेल सांभाळणारा आदिल शाह आणि डॉक्टर अझ्रा मलिकचं कुटुंब आलंय. त्यांच्याकडे मी कान देऊन असते.

आणि तू रेडिचला आहेस म्हणजे इंकबरो अगदी जवळ. तिथला ओल्ड बुल हा पब बघून ये, मालिकेतल्या बुलचा नमुना तोच मानतात. रेकॉर्डिंग बर्मिंगहॅमच्या मेलबॉक्स या इमारतीत, बीबीसीच्या स्टुडिओत होतं. फाटक करकरतं ना, तो आवाज जुन्या इस्त्रीच्या टेबलाचा. कोकरू जन्मतं तेव्हा ओला टॉवेल आणि दही. आजींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, आवाज बरोबर आहे, फक्त कोकरू थोडं जड पडायला हवं.

रेडिओवेडा_पुणे

इथं मध्येच लिहितोय, राहवलं नाही. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या घरी आकाशवाणी मुंबईचं 'पुन्हा प्रपंच' असंच ऐकलं जायचं. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी नीलम प्रभू, पंत प्रभाकर जोशी. घरात साखर महागली की भावजी काय म्हणतील याची वाट बघायची. मोठं नाट्य काही नव्हतं आणि एकही भाग चुकवावासा वाटायचा नाही.

दुसरी गोष्ट कृष्णाकाठचीताईंसाठी. शेतकऱ्यांशी रेडिओनं बोलायचा मोठा प्रयोग आपल्याकडेही झाला होता, १९५६ मध्ये, पुणे केंद्रावरून. युनेस्कोची मदत होती. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांचे गट केले. गटानं एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसात चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या, त्यांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळायची. त्याचा अभ्यास पुढे देशोदेशी वाचला गेला. तिथं बोलणारे गावकरीच होते, इंग्लंडात नट बोलतात, एवढा फरक. आपल्याकडे त्या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या असत्या तर आपलंही एक ॲम्ब्रिज झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

ही मालिका भारतातून ऐकता येईल का?

कृष्णाकाठची

काका, नमस्कार. पॉडकास्ट म्हणून मिळते, नातवंडांना सांगा फोनवर लावून द्यायला. तुमच्या प्रयोगाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आमच्या गावात तसा गट होता का ते आता वडिलांना विचारते.

नटांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण एक सांगते. १९९८ मध्ये टोनीचा मोठा मुलगा जॉन जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरखाली सापडून गेला. बांधाच्या उतारावर ट्रॅक्टर उलटणं म्हणजे काय हे ज्यांनी शेतात पाहिलंय त्यांना तो भाग नटांचा वाटत नाही. आजही टोनीच्या तोंडी ट्रॅक्टरचं नाव आलं की आमच्या खोलीत कुणीतरी 'जॉन' म्हणतंच.

अनघा, आता तुझं. रोज सात वाजता जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागतो आणि रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग सलग. ते पोळ्या लाटता लाटता ऐक. महिनाभर फक्त ग्रंडींचे आवाज ओळखायचे, एवढंच ठरव. क्लॅरी आणि सूझन कार्टर डेअरीत काम करताना बोलतात ना, ते आधी धर. सूझन म्हणजे गावची बातमीदार, तिच्या तोंडून निम्म्या गावाची नाती आपोआप कळतात. त्यातून तुला तिची लेक एम्मा कळेल, ग्रंडींची सून, मग एम्माचा मुलगा जॉर्ज. २०२४ मध्ये त्यानं ब्रायनची लेक ॲलिस हिच्या गाडीनं अपघात केला, दुसरी गाडी नदीत गेली, दारूच्या गुंगीतल्या ॲलिसला उचलून ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः नदीतल्या लोकांना वाचवणारा वीर ठरला. शेवटी कबूल करून तुरुंगात गेला. त्याचे पडसाद अजून त्या घरांत आहेत. एम्मा आणि ॲलिसच्या घरचे समोरासमोर आले की कोण आधी बोलतं ते बघ.

दवाखान्यातल्या पेशंटना विचारायचंच असेल तर कथानक विचारू नकोस. तुम्ही कुणाच्या बाजूचे, डेव्हिडच्या की पिपच्या, एवढंच विचार. आणि चटणीचा निकाल लागला की इथे लिही, मला त्या दिवशी पाळी आहे.